घरी सगळं येतं, मग पेपरात कुठे जातं?

दहावी-बारावीचा निकाल लागला की मुंबईतल्या कितीतरी घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "घरी विचारलं तर घडाघडा सांगत होता, मग पेपरात झालं काय?" त्यामागोमागचं निदानही ठरलेलं असतं. अभ्यास कमी पडला, लक्ष नव्हतं, मोबाइल फार झाला. कधीकधी ते खरंही असतं. पण मुलाला किती येतं आणि त्यातलं किती त्याला तीन तासांत कागदावर उतरवता येतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या दोहोंच्या मध्ये भीती येते, झोप येते, स्वतःबद्दलचं मत येतं, घरातली पैशाची काळजीही येते. मार्कांवर यांचा परिणाम होतो, आणि तो कसा होतो हे संशोधकांनी बरंच उलगडलेलं आहे.

आत्ता हे लिहायचं कारण म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचा जुलै २०२५ मधला निकाल. विशाखापट्टणममध्ये 'नीट'ची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूचं ते प्रकरण होतं. त्यात न्यायालयाने देशभरातल्या शिक्षणसंस्थांना आणि कोचिंग क्लासना मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञ हवा, मार्कांवरून मुलांच्या वेगवेगळ्या बॅच करू नयेत, चारचौघांत पाणउतारा करू नये, असं त्यात सांगितलं आहे. बॅचची गोष्ट वाचून अनेक पालकांना प्रश्न पडला, की हुशार मुलांची वेगळी बॅच केली तर बिघडतं काय? त्याचं उत्तर मेंदूच्या कामाच्या पद्धतीत आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

मेंदूतला ओटा

मुंबईतल्या वन रूम किचनमधला स्वयंपाकाचा ओटा डोळ्यांसमोर आणा. वर मांडणीवर डबे खच्चून भरलेले असतात, पण ओट्यावर एका वेळी मावतं थोडंच. शेगडी, पोळपाट, कणकेची परात, चिरलेल्या भाजीचं ताट, की संपली जागा.

वर्षभर वाचलेलं, पाठ केलेलं, समजलेलं सगळं दीर्घकालीन स्मृतीत असतं. ते म्हणजे डबे. प्रश्न सोडवताना त्यातलं हवं ते काढून जिथे मांडायचं आणि जुळवायचं, त्या जागेला मानसशास्त्रात 'कार्यकारी स्मृती' म्हणतात. तो आपला ओटा. ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच या दोघांनी १९७४ मध्ये या कार्यकारी स्मृतीची नीट मांडणी केली. ही जागा फार लहान आहे. नेल्सन कोवान यांनी २००१ मध्ये जुन्या प्रयोगांचा आढावा घेऊन काढलेल्या अंदाजानुसार तिथे एका वेळी साधारण चारच गोष्टी टिकतात.

दहावीच्या मुलाला वर्गसमीकरणाचे अवयव पाडायचे आहेत. गुणाकार २४ आणि बेरीज १० येईल अशा दोन संख्या शोधायच्या, चिन्हं सांभाळायची, मधलं पद फोडायचं आणि आपण कुठल्या पायरीवर आहोत हेही लक्षात ठेवायचं. एवढ्यात ओटा भरला. त्याच वेळी मनात "हे आलं नाही तर चार मार्क गेले, मग नव्वद होत नाहीत, मग बाबा..." असं सुरू झालं, तर त्यालाही जागा लागतेच. मग चिन्ह चुकतं, पायरी गळते. मूल घरी येऊन म्हणतं, "आई, ब्लँक झाले मी." ते खोटं बोलत नसतं. डबे भरलेलेच होते, ते उघडून ठेवायला जागा उरली नव्हती.

इथे एक बारकावा आहे आणि तो पालकांनी समजून घ्यावा असं मला फार वाटतं. परीक्षेच्या भीतीचे दोन भाग असतात, हे लीबर्ट आणि मॉरिस यांनी १९६७ मध्येच दाखवलं होतं. एक भाग शरीराचा: छातीत धडधड, तळहाताला घाम, पोटात गोळा. दुसरा मनातल्या सततच्या बडबडीचा: "मला येणार नाही, सगळे काय म्हणतील." मार्कांशी जास्त घट्ट संबंध या दुसऱ्या भागाचा निघाला. म्हणजे ज्याचे हात थरथरतात त्याचाच पेपर जाईल असं नाही. बाहेरून शांत दिसणारी, पण आतल्या आत हिशेब मांडत बसलेली मुलगी जास्त अडचणीत असू शकते. आपलं लक्ष मात्र थरथरत्या हातांकडे जातं.

ताण वाढला की शरीरात कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरकही वाढतं, आणि त्याने आधी शिकलेलं आठवायला अडथळा येतो. पेपर देऊन बाहेर पडल्यावर, स्टेशनवर गाडीची वाट बघताना उत्तर लख्ख आठवतं, त्याचं एक कारण हे.

पण आधी काय? कमी मार्क की भीती?

ही शंका अगदी रास्त आहे. ज्याला येत नाही तोच घाबरणार, मग भीतीला दोष कशाला? रे हेंब्री यांनी १९८८ मध्ये परीक्षेच्या भीतीवरच्या ५६२ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. भीती कमी करण्याचे उपाय केले तेव्हा परीक्षेतली कामगिरीही सुधारलेली त्यात दिसली. भीती जर नुसता कमी तयारीचा परिणाम असती, तर तिच्यावर उपाय करून मार्क वाढले नसते. दुसरी बाजूही खरी आहे. एकदा मार्क कमी पडले की पुढच्या वेळी भीती वाढते, म्हणजे दोन्ही एकमेकींना खतपाणी घालतात. सहामाहीला गणितात आपटलेलं मूल प्रिलिमला बसतं तेव्हा ते सहामाही सोबत घेऊनच बसलेलं असतं.

हुशार मुलंही का गांगरतात?

सायन बायलॉक आणि थॉमस कार यांनी २००५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. कार्यकारी स्मृती मोठी असलेले आणि लहान असलेले अशा दोन्ही प्रकारच्या लोकांना त्यांनी आधी निवांतपणे आणि मग दबावाखाली गणितं घातली. निवांत असताना पहिला गट अर्थातच पुढे होता. दबाव आल्यावर अवघड गणितांत घसरला तोही पहिलाच गट. ज्यांचा ओटा मोठा, ते तो पूर्ण वापरायच्या पद्धतीने गणित सोडवतात. काळजीने जागा अडवली की नुकसान त्यांचं जास्त होतं.

आता मुंबईतल्या क्लासची 'टॉपर बॅच' आठवा. दर रविवारी टेस्ट, सोमवारी भिंतीवर क्रमवारी, आणि क्रम घसरला तर खालच्या बॅचमध्ये रवानगी. अकरावीच्या नावाजलेल्या कॉलेजांचे कट-ऑफ नव्वदीच्या पुढे असतात, त्यामुळे एकेक मार्काची किंमत मुलांना तोंडपाठ असते. ज्यांच्याकडून सगळ्यात जास्त अपेक्षा, त्यांच्याच डोक्यावर ही व्यवस्था सगळ्यात जास्त ओझं ठेवते. आणि खालच्या बॅचमधल्या मुलाला आपण कोण आहोत हे रोज वर्गाच्या दारावर वाचायला मिळतं. न्यायालयाने अशा बॅच करू नका म्हटलं, ते मला पूर्णपणे पटतं.

"थोडी भीती हवीच ना?"

हवी. पण कुणाला आणि किती, हे बघावं लागतं. यर्क्स आणि डॉडसन यांनी १९०८ मध्ये उंदरांवर प्रयोग करून मांडलेला नियम अजूनही सांगितला जातो. उत्तेजना अगदी कमी असली तर शिकणं सुस्तावतं, फार झाली तर बिघडतं, आणि काम जितकं अवघड तितकी ही बिघडण्याची पातळी लवकर येते. उंदरांवरून माणसाबद्दल फार मोठे निष्कर्ष काढू नयेत, पण शिक्षकांच्या अनुभवाशी हे जुळतं. सनावळ्या पाठ करायला बसलेल्या सुस्त मुलाला "आठ दिवस राहिलेत" एवढं सांगितलं तर त्याचा फायदा होतो. भूमितीतल्या अवघड सिद्धतेशी झुंजणाऱ्या मुलीला तेच वाक्य जड जातं.

घराघरांत मात्र सगळ्यांना एकाच मापाने घाबरवलं जातं. ज्याला फिकीर नाही त्याच्या कानांवरून ते जातं आणि जी आधीच घाबरलेली आहे ती आणखी घाबरते.

'मला जमणार नाही' हे मत कसं बनतं?

अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये एक कल्पना मांडली, तिला आपण 'जमेल असा विश्वास' म्हणू. हा एकूण आत्मविश्वासापेक्षा वेगळा असतो. एखादी मुलगी स्टेजवर बिनधास्त बोलते, पण बीजगणिताचं पुस्तक उघडलं की खांदे पाडते. हा विश्वास त्या त्या कामापुरता असतो. बांडुरा यांच्या मते तो चार वाटांनी येतो: स्वतः काही जमवून दाखवल्याचा अनुभव, आपल्यासारख्याच कुणाला तरी जमलेलं पाहणं, इतरांचे शब्द, आणि त्या वेळची शरीराची अवस्था. यातली सगळ्यात भक्कम वाट पहिली.

"तू करू शकतोस" असं दहा वेळा सांगून जे होत नाही, ते एक गणित स्वतः सोडवल्याने होतं. पाचवी-सहावीत अपूर्णांक कच्चे राहिलेल्या मुलाला नववीत थेट नववीची गणितं देऊन हा विश्वास येणार नाही. त्याला मागे जाऊन अपूर्णांकच द्यावे लागतील. त्यात कमीपणा वाटतो म्हणून घरात आणि क्लासमध्ये ते टाळलं जातं, आणि मुलाच्या खात्यावर आणखी एक अपयश जमा होतं.

पुस्तक उघडायला लागू नये म्हणून मूल मग मोबाइल उघडतं. बाहेरून तो आळस दिसतो. चालढकलीवरचं बरंच संशोधन सांगतं की माणूस कामापेक्षा त्या कामाने येणारी वाईट भावना टाळत असतो. म्हणून मोबाइल काढून घेतला तरी मूल भिंतीकडे बघत बसतं आणि पुस्तक मिटलेलंच राहतं.

'बुद्धी वाढवता येते' असं मुलांच्या मनावर बिंबवलं की मार्क वाढतात, असं सांगणारी शिबिरं हल्ली बरीच निघाली आहेत. कॅरल ड्वेक यांच्या कामावर ती आधारलेली असतात. १९९८ च्या त्यांच्या प्रयोगात "तू हुशार आहेस" अशी शाबासकी मिळालेली मुलं पुढच्या अपयशाने जास्त खचली, "मेहनत चांगली घेतलीस" ऐकलेली कमी खचली. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. पण २०१९ मध्ये अमेरिकेतल्या नववीच्या मुलांवर मोठ्या प्रमाणावर चाचणी झाली, तेव्हा तासाभराहून छोट्या ऑनलाइन उपक्रमाने अभ्यासात मागे असलेल्या मुलांच्या सरासरी गुणांत (तिथे ते साधारण चारपैकी मोजतात) सुमारे एक दशांश गुणाची वाढ दिसली. फायदा आहे, पण लहान आहे. त्यासाठी कुणी हजारो रुपये मागत असेल तर ते खर्च करू नका.

जात, पैसा आणि बसायला जागा

या भागावर आपल्याकडे सगळ्यात कमी बोललं जातं. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या गावांत सहावी-सातवीच्या मुलांना कोडी सोडवायला दिली, चक्रव्यूहातून वाट काढायची. कुणाची जात कुणाला सांगितली नाही, तेव्हा दलित आणि सवर्ण मुलांच्या कामगिरीत फारसा फरक नव्हता. मुलांची नावं आणि जात सगळ्यांसमोर पुकारली, तेव्हा दलित मुलांची कामगिरी खाली गेली. २००६ मध्ये हे प्रसिद्ध झालं. क्षमतेत काहीच बदललं नव्हतं. लोक आपल्याला कोणत्या नजरेने बघतात याची आठवण मुलांना करून दिली गेली, एवढंच घडलं होतं.

मुंबईत असं होत नाही म्हणणाऱ्यांनी शिष्यवृत्तीचे फॉर्म वाटले जातात तो दिवस आठवावा. अमुक प्रवर्गाच्या मुलांनी उभं राहा, असं भर वर्गात सांगितलं जातं तेव्हा काय होत असेल? ते काम कार्यालयात, पालकांना बोलावून शांतपणे करता येतं. त्याला एक रुपयाही जास्त लागत नाही.

पैशाच्या काळजीचंही तसंच. तामिळनाडूतल्या ऊस उत्पादक शेतकऱ्यांची कापणीआधी, हात आखडलेला असताना, आणि कापणीनंतर, पैसे आल्यावर, विचारशक्तीची चाचणी घेतली गेली. तेच शेतकरी कापणीआधी कमी पडले. आनंदी मणी, सेंधिल मुल्लाइनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०१३ चा आहे. तो मोठ्या माणसांवरचा असला तरी मुंबईतल्या मुलांबद्दल विचार करायला लावतो. बीडीडी चाळीतली जुनी खोली १६० चौरस फुटांची. तिथे वडिलांची नोकरी गेल्याचं, हप्ता थकल्याचं बोलणं मुलापासून लपणार कसं? कुणी ओरडलं नाही तरी त्याच्या ओट्यावर घरातली निम्मी भांडी येऊन बसतात.

वरळीच्या अभ्यास गल्लीत चाळीतली मुलं पिढ्यान्‌पिढ्या दिव्याखाली पुस्तकं घेऊन बसली. त्याचं कौतुक होतं आणि व्हायलाच हवं. पण तिथे त्यांना शांतता आणि उजेड मिळत होता, आणि बरोबरीने आपल्यासारखीच दहा मुलं अभ्यास करताना दिसत होती. बांडुरांची दुसरी वाट ती हीच. वस्तीत अभ्यासिका हवी असं मला वाटतं ते या दोन्ही कारणांसाठी.

झोप

दिवसभर शिकलेलं पक्कं होण्याचं बरंचसं काम झोपेत चालतं. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप हवी, असं झोपेचे तज्ज्ञ सांगतात. वयात येताना शरीराचं घड्याळच उशिराकडे सरकतं, त्यामुळे रात्री अकराला डोळे टक्क उघडे असणं हा हट्ट नसतो. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय घेतला, तो चांगलाच आहे. पण सकाळच्या सत्राचा जास्त त्रास शरीरशास्त्राच्या हिशेबाने आठवी ते दहावीच्या मुलांना होतो, आणि ती त्या निर्णयात नाहीत. पेपरच्या आदल्या रात्री जागून मिळवलेली चार पानं दुसऱ्या दिवशीच्या पेंगुळलेल्या डोक्याला पुरत नाहीत.

"आमच्या वेळी असलं काही नव्हतं"

होतं. पेपरात गांगरणाऱ्या मुलाला तेव्हा 'ढ' म्हणत, ते एक-दोनदा नापास होई आणि शाळा सोडून कामाला लागे. त्याच्या आत काय चाललं होतं हे कुणी विचारलं नाही, म्हणून ते आपल्या आठवणीत नाही. शिवाय भीतीचं कारणही बदललं आहे. २०२५ मध्ये राज्यातली ९४.१० टक्के मुलं दहावी उत्तीर्ण झाली. आता पास होण्याची धास्ती कमी आणि टक्क्यांची जास्त आहे. पस्तीस मार्कांची रेघ ओलांडली की पहिली धास्ती संपायची, टक्क्यांच्या धास्तीला अशी रेघच नाही.

"मग अभ्यास न करायला निमित्तच मिळेल"

निमित्त शोधणारा ते कुठेही शोधतो. आणि या संशोधनातून निघणारा सगळ्यात भरवशाचा उपाय अभ्यासाचाच आहे, थोड्या वेगळ्या पद्धतीने केलेल्या. रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगात धडा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं, पण आठवड्याने पुस्तक मिटून आठवून लिहिणारे पुढे गेले. त्याहून महत्त्वाचं २०१६ मध्ये कळलं. आठवून आठवून पक्क्या केलेल्या गोष्टी ताणाखालीही टिकल्या, नुसत्या वाचलेल्या गळाल्या. घडाघडा म्हणून दाखवणारा मुलगा पेपरात अडतो याचं हेही एक कारण. आईने प्रश्न विचारताच अर्धं उत्तर त्या प्रश्नातच मिळालेलं असतं, आणि पाच मिनिटांपूर्वी पुस्तक समोर होतं.

म्हणून पुस्तक बंद करून, घड्याळ लावून, टेबल-खुर्चीवर बसून पूर्ण पेपर लिहायची सवय डिसेंबरपासून असू द्या. तो तपासताना आधी काय जमलं ते बघा.

पेपरच्या आधी दहा मिनिटं मनातली भीती कागदावर लिहून काढली तर घाबरणाऱ्या मुलांचे मार्क वाढतात, असा २०११ चा एक गाजलेला प्रयोग आहे. २०१८ मध्ये तो पुन्हा करून पाहिला तेव्हा तसा फायदा दिसला नाही. ज्याला बरं वाटतं त्याने जरूर लिहावं, पण त्यावर विसंबू नये. मला त्यापेक्षा साधी गोष्ट उपयोगाची वाटते: पेपरात अडलं तर काय करायचं ते आधीच ठरवून ठेवणं. प्रश्न सोडायचा, खूण करायची, येणारा प्रश्न घ्यायचा, मग परत यायचं. ठरलेलं असलं की ओट्यावर जागा लागत नाही. मंडळाने २०२३ पासून शेवटी दहा मिनिटं वाढवून दिली आहेत, हेही मुलांना आठवणीने सांगा.

भीतीपलीकडचं काही असेल तर

दोन आठवड्यांहून जास्त काळ मूल गप्प गप्प असेल, जेवण-झोप बिघडली असेल, आवडीचं क्रिकेट किंवा नाचही नकोसा झाला असेल, "मी नसतो तर बरं झालं असतं" असं काही बोललं असेल, तर तो अभ्यासाचा प्रश्न राहत नाही. त्याच दिवशी त्याच्याशी बोला आणि डॉक्टर किंवा समुपदेशक गाठा. केंद्र सरकारच्या 'टेलि-मानस' सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. फोन चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

वेगळी शक्यताही असते. मूल तोंडी सगळं नीट सांगतं, पण वाचताना अक्षरं चुकवतं, लिहिताना पहिलीपासून त्याच त्याच चुका करतं. अशा वेळी अध्ययन अक्षमता तपासून घ्यावी. बुद्धी नेहमीसारखी किंवा जास्तही असते, पण वाचन, लेखन किंवा आकडेमोड यांची मेंदूतली प्रक्रिया वेगळी चालते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे. मुंबईत शीव, केईएम आणि नायर या महापालिकेच्या रुग्णालयांत तिची तपासणी होते, आणि प्रमाणपत्र मिळालं की मंडळाच्या परीक्षेत जादा वेळ, गरजेनुसार लेखनिक अशा सवलती मिळतात. चाचण्यांसाठी एकाहून जास्त वेळा जावं लागतं, नंतर शाळेमार्फत मंडळाकडे अर्ज जातो. दहावीचं वर्ष सुरू झाल्यावर धावपळ करण्यापेक्षा मूल आठवी-नववीत असतानाच नाव नोंदवा.